तोडग्याची बातमी आली की आधी ताबा बघा: मोजणी खात्यातल्या माणसाची रीत

रंकाळ्याच्या कट्ट्यावर सकाळी आमचा सहा जणांचा कंपू जमतो. फिरणं नावाला, चहा आणि भांडण मुख्य. २०२५ च्या ऑक्टोबरात गाझात युद्धविराम झाल्याची बातमी आली, त्या दिवशी आमच्यातला निवृत्त कंडक्टर पेपर फडकवत म्हणाला, "मिटलं बघा एकदाचं." दुसरा म्हणाला, "ह्या जन्मात मिटत न्हाई, लिहून घ्या." दोघांनीही फक्त मथळा वाचला होता.

मी छत्तीस वर्षं भूमी अभिलेखात काढली. भूकरमापक म्हणून लागलो, गावोगावी टेबल आणि साखळी घेऊन हिंडलो, शेवटी खुर्चीत बसून 'क' प्रतींवर, म्हणजे मोजणीच्या नकाशाच्या नकलांवर, सह्या केल्या. "मिटलं" हा शब्द मी इतक्या बांधांवर ऐकलाय, की तो ऐकला की पुढची तारीख कधीची एवढंच विचारावंसं वाटतं.

आमची नात अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. तिनं विचारलं, "आबा, इस्रायल आणि पॅलेस्टाईन अशा दोन राष्ट्रांचा तोडगा होणार का नाही? एका ओळीत सांगा." एका ओळीत येत नाही म्हणून तिला वहीत पद्धत उतरवून दिली. तीच इथं मांडतो. साहित्य फार नाही: १९६७ ची रेषा दाखवणारा एक छापील नकाशा, टोक काढलेल्या चार रंगीत पेन्सिली, एक शंभरपानी वही. पहिले आठ दिवस व्हॉट्सअॅपवरचं काही वाचायचं नाही, हे एक पथ्य.

सुरुवात आकारापासून करा. मोबाईलवर नकाशा बोटानं लहान-मोठा होतो आणि माणसाचं प्रमाणाचं भान जातं. आपल्या कोल्हापूर जिल्ह्याचं क्षेत्र ७,६८५ चौरस किलोमीटर. वेस्ट बँक, म्हणजे जॉर्डन नदीचा पश्चिम किनारा, साडेपाच हजारांच्या थोडा वर. अख्खा किनारा आपल्या जिल्ह्यात ठेवला तरी सुमारे दोन हजार चौरस किलोमीटर शिल्लक राहतात. गाझा तर ३६५ चौरस किलोमीटर. लांबी ४१ किलोमीटर, कोल्हापूरहून निपाणीला जाता तेवढी; रुंदी कुठं सहा, कुठं बारा. त्या पट्ट्यात वीस लाखांवर माणसं. आपल्या जिल्ह्याची २०११ ची लोकसंख्या ३८ लाख ७६ हजार होती. म्हणजे जिल्ह्यातली निम्म्याहून जास्त माणसं निपाणीच्या हायवेच्या दोन अंगांना दाटून बसवली तर कसं दिसेल, ते डोळ्यांपुढं आणा. आणि नदीपासून समुद्रापर्यंत सगळं मिळून ज्यू सत्तर लाखांवर, पॅलेस्टिनीही जवळपास तितकेच. ह्यातलं कुणी उठून दुसरीकडं जाणार नाही. हे गृहीत धरत नाही तो तोडगा वाचण्यात वेळ घालवू नका.

मग रेषा. रेषा कुणी ओढली, कधी, आणि कशानं ओढली हे विचारायचं. "कशानं" हे मी मुद्दाम म्हणतोय. १९४८ च्या नोव्हेंबरअखेर जेरुसलेममधल्या एका ओसाड घरात इस्रायलचा मोशे दायान आणि जॉर्डनचा अब्दुल्ला अल-तल हे दोन लष्करी अधिकारी युद्धबंदीची रेषा आखायला नकाशा पसरून बसले. नकाशा १:२०,००० चा. एकाच्या हातात हिरवी पेन्सिल, एकाच्या हातात लाल, दोन्ही मेणाच्या, रेषा तीन-चार मिलिमीटर जाड. आता हिशेब मांडा. ह्या प्रमाणात नकाशावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर वीस मीटर. नुसती रेषेची जाडीच साठ ते ऐंशी मीटर झाली! तिच्याखाली घरं आली, गल्ल्या आल्या, आणि रेषेखालची जागा कुणाची हा वाद पुढं वर्षानुवर्षं चालला. आमच्याकडं कुणी असली पेन्सिल वापरली असती तर साहेबांनी त्याला टेबलासकट बाहेर काढला असता.

१९४९ च्या युद्धविराम करारांमध्ये ही राजकीय हद्द नव्हे असं लिहून ठेवलं होतं. तरी पुढं जगानं हद्द म्हणून तीच धरली, 'ग्रीन लाईन'; हिलाच १९६७ ची रेषा म्हणतात. १९६७ च्या सहा दिवसांच्या युद्धात इस्रायल तिच्या पलीकडं गेला: वेस्ट बँक, पूर्व जेरुसलेम, गाझा, सिनाई, गोलान. त्यावर सुरक्षा परिषदेचा २४२ क्रमांकाचा ठराव आला. त्यातला एक शब्द म्हणजे कज्जेदलालांची दिवाळी आहे. इंग्रजी मसुद्यात "व्यापलेल्या प्रदेशांतून माघार" असं लिहिताना 'द' हे उपपद गाळलंय, फ्रेंच मसुद्यात ते आहे. त्यामुळं "सगळ्या प्रदेशांतून" का "काही प्रदेशांतून", यावर पन्नास वर्षांहून जास्त वाद चाललाय. मराठीत हे उपपदच नाही, त्यामुळं आपल्या पेपरातल्या भाषांतरात हा वाद दिसतच नाही. तेव्हा ठरावाची बातमी वाचली की मूळ वाक्य शोधून काढा. नातीला सवय लागली आता. मला अजून चष्मा शोधावा लागतो.

पण रेषेचं भांडण सुटतच नाही असं समजू नका. तिथंच चूक होते. इजिप्तबरोबर १९७९ ला तह झाला, १९८२ ला सिनाई परत दिला, आणि शेवटी ताबा नावाचा लाल समुद्राकाठचा चिमूटभर तुकडा अडकला, जेमतेम एक चौरस किलोमीटर. वाद हद्दीच्या चौदा खांबांचा, त्यातही खांब क्रमांक ९१ नेमका कुठं होता ह्याचा. पाच जणांचा लवाद नेमला, जुने नकाशे, जुने फोटो काढले, १९८८ ला निकाल इजिप्तच्या बाजूनं गेला आणि १९८९ ला इस्रायलनं जागा सोडली. निकाल आवडला नव्हता, तरी सोडली. जॉर्डनचंही तसंच. १९९४ च्या तहात बाकुरा आणि घम्र ह्या दोन जागा जॉर्डनच्या मालकीच्या ठरल्या, पण पंचवीस वर्षं वापर इस्रायली शेतकऱ्यांचा. जॉर्डननं वर्षभर आधी कळवलं, २०१९ ला मुदत संपली, फाटक बंद. खांब शोधणं, हद्द कायम करणं, हे होण्यासारखं काम आहे.

अडतं ते ताब्यात. वहीची निम्मी पानं ह्याच कलमाला राखून ठेवा.

१९९३ चा ओस्लो करार सगळ्यांना आठवतो तो इस्रायलचे पंतप्रधान राबिन आणि पॅलेस्टिनी नेते अराफात यांच्या हस्तांदोलनाच्या फोटोमुळं. तुम्ही १९९५ चा दुसरा करार काढा. त्यानं वेस्ट बँकेचे तीन भाग पाडले. 'अ' क्षेत्र पॅलेस्टिनी प्राधिकरणाकडं, आज ते साधारण अठरा टक्के. 'ब' मध्ये कारभार त्यांचा, पण सुरक्षेवर अखेरचा हात इस्रायलचा, ते बावीस टक्के. आणि 'क' क्षेत्र, उरलेलं साठ टक्के, पुरतं इस्रायलच्या हाती. व्यवस्था पाच वर्षांपुरती होती. ती पाच वर्षं अजून चाललीत. नकाशावर 'क' रंगवा म्हणजे दिसेल: 'अ' आणि 'ब' ही बेटं आहेत, 'क' हे त्यांच्याभोवतीचं पाणी. आणि ह्याच काळात वसाहती वाढल्या. करार झाला तेव्हा वेस्ट बँकेत लाखाच्या आसपास इस्रायली वसाहतवाले होते, आता पाच लाखांच्या घरात. पूर्व जेरुसलेममधले दोन लाखांवर वेगळे.

जमीन मिळाली कशी, हे मोजणीवाल्याला कळतं आणि वाचून पोटात कालवतं. तुर्कांच्या अमलातला १८५८ चा जमीन कायदा होता. त्यात कसायची बरीचशी जमीन 'मिरी' प्रकारची, म्हणजे मूळ मालकी सरकारची, वहिवाट रयतेची. सलग तीन वर्षं पड ठेवली तर हक्क जाऊ शकतो. पुढं इंग्रजांनी आणि मग जॉर्डननं रीतसर नोंदणी सुरू केली. १९६७ पर्यंत वेस्ट बँकेच्या साधारण तिसऱ्या हिश्शाचीच नोंद पुरी झाली होती, आणि १९६८ ला इस्रायली लष्करी हुकमानं ते काम थांबवलं. आता सांगा, ज्याचा सातबाराच निघाला नाही त्यानं मालकी दाखवायची कशी? आजोबा-पणजोबांनी जैतूनाची झाडं लावली, ती दाखवतो. दोन झाडांमधला खडक कसलेला नाही, तो सरकारजमा. १९७९ नंतर इस्रायलनं ही पड जमिनीची वाट मोठ्या प्रमाणात वापरली आणि अशा 'सरकारी' जमिनीवर वसाहती उठल्या. म्हणून "वसाहत मंजूर" अशी बातमी आली की किती घरं एवढंच लिहू नका, जमीन कोणत्या सदरात दाखवली तेही लिहा. "नोंदणी पुन्हा सुरू" अशी बातमी दिसली तर ती पहिल्या पानावरच्या कुठल्याही हस्तांदोलनापेक्षा मोठी समजा, कारण नोंदणी कोण करतोय त्यावर उतारा कुणाच्या नावानं निघणार हे ठरतं.

ताब्यानंतर वाट बघा. पोटहिस्से पाडताना आम्ही पहिला प्रश्न हाच विचारायचो, आतल्या हिस्सेदाराला यायला-जायला रस्ता कुठून? जेरुसलेम आणि माले अदुमिम वसाहतीच्या मधल्या जागेला ई-वन म्हणतात, जेमतेम बारा चौरस किलोमीटर. तिथं सुमारे ३,४०० घरांना ऑगस्ट २०२५ मध्ये मंजुरी मिळाली. नकाशावर तिथं बोट ठेवा: उत्तरेचं रामल्ला आणि दक्षिणेचं बेथलेहेम यांच्या मधोमध ती जागा येते. गाझा तर वेस्ट बँकेपासून चाळीसेक किलोमीटर तुटलेलाच आहे. टक्केवारीवर भाळू नका ती ह्यासाठी. २००० च्या डिसेंबरात क्लिंटननी मांडलेल्या सूत्रात वेस्ट बँकेचा ९४ ते ९६ टक्के भाग पॅलेस्टाईनला होता. आकडा झकास. पण उरलेले चार-सहा टक्के नेमके विहिरीवर आणि वाटेवर असतील तर शेत कसायचं कुणी?

आता माझी चूक सांगतो, कारण पुढचं कलम तिच्यातून शिकलो. कागल तालुक्यात एका गावी दोन चुलत भावांची अकरा एकर मोजायला गेलो होतो. दोन दिवस मोजणी, दगड रोवले, पंचनामा झाला, दोघांनी सह्या केल्या, पेढेही वाटले. मी जीपमध्ये बसणार तेवढ्यात एक म्हातारी येऊन नव्या दगडाशेजारी बांधावर बसली. त्यांची विधवा चुलती. उताऱ्यावर 'इतर हक्क' मध्ये तिचं नाव होतं, पोटगीपुरतं. मी ते वाचलं होतं आणि नोटीस काढायची राहून गेली होती. ती आरडाओरडा करत नव्हती. पदरानं दगडावरची माती पुसत म्हणाली, "मला कुनी इचारलं?" महिन्याभरात दोन दगड विहिरीत गेले आणि प्रकरण कोर्टात. मला मेमो मिळाला, तो बरोबरच होता.

तसं कराराची बातमी वाचताना 'इतर हक्क' चा रकाना वाचा. १९४८ मध्ये सुमारे सात लाख पॅलेस्टिनी घरंदारं सोडून गेले किंवा हाकलले गेले. त्यांच्याकडं तो काळ 'नकबा' म्हणून ओळखतात. त्यांची वंशावळ धरून संयुक्त राष्ट्रांच्या दप्तरी आज अठ्ठावन्न लाखांच्या पुढं नावं आहेत. ठराव १९४ परतीचं आणि भरपाईचं बोलतो. १९५० च्या इस्रायली कायद्यानं त्यांची मालमत्ता 'गैरहजर मालकांची' म्हणून सरकारी ताब्यात गेली. दुसऱ्या बाजूलाही असाच रकाना आहे: बगदाद, सना, कैरो, त्रिपोली इथून लाखो ज्यू मालमत्ता टाकून निघाले, त्यातले बहुतेक इस्रायलला गेले. त्यांना कुणी विचारलं का, हा सवाल त्यांची नातवंडं करतात. ओस्लोनं निर्वासितांचा प्रश्न, जेरुसलेम, वसाहती आणि हद्द हे सगळं "नंतर बघू" म्हणून ठेवून दिलं. म्हणजे माझ्यासारखंच, चुलतीला नोटीस न काढता दगड रोवले.

कोल्हापूरकराला हे समजायला लांब जावं लागत नाही. वळिवड्याला १९४३ पासून १९४८ पर्यंत पाचेक हजार पोलिश निर्वासित राहिले. ते गेल्यावर त्याच परिसरात फाळणीत सिंध सोडून आलेल्यांची वस्ती झाली, आजचं गांधीनगर. तिथल्या एका कापडवाल्या काकांकडं वडिलांच्या शिकारपूरच्या घराचा कागद अजून ट्रंकेत आहे. पॅलेस्टिनी घरांत गंजक्या किल्ल्या ठेवतात, तसा. काकांना एकदा विचारलं, परत जायचंय का? हसले. म्हणाले, "इथं क्लेम मिळाला, रेशनकार्ड मिळालं, मत मिळालं. कागद आता आठवणीपुरता." आपल्याकडं १९५४ च्या कायद्यानं विस्थापितांना भरपाई मिळाली आणि नागरिकत्वाचा प्रश्न सुटला. लेबनॉनच्या छावणीत जन्मलेल्या तिसऱ्या पिढीला नागरिकत्वही नाही, भरपाईही नाही. तिथं कागद आठवणीपुरता कसा राहील?

इथं एक इशारा. आपल्याकडं कुणीतरी लगेच म्हणतं, "आमचं बेळगाव तसंच की." कट्ट्यावर हे दर आठवड्याला होतं. आमच्या घरात सीमाप्रश्न जेवणाच्या ताटावर वाढला गेलाय, तरी सांगतो, ही तुलना एका मर्यादेपर्यंतच न्या. महाजन आयोग झाला, २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात पडून आहे, पण निपाणीतला मराठी माणूस आणि कन्नड माणूस एकाच कायद्याखाली राहतो, एकाच निवडणुकीत मत देतो. वेस्ट बँकेत एकाच टेकडीवरच्या वसाहतवाल्याला इस्रायली कायदा लागू आणि खालच्या गावातल्या पॅलेस्टिन्याला लष्करी न्यायालय. वर ज्याच्या हुकमानं दोघं दबतील असा कुणी कलेक्टर तिथं नाही. आंतरराष्ट्रीय न्यायालयानं जुलै २०२४ मध्ये ताबा बेकायदा असल्याचं मत दिलं, पण ते सल्लामत, अंमल करायला मामलेदार कुठून आणणार?

आणि भीती खरी असते, तीही वहीत लिहा. इस्रायली माणूस म्हणतो, २००५ ला गाझातून सैन्य काढलं, एकवीस वसाहती उठवल्या, बदल्यात रॉकेटं आली आणि ७ ऑक्टोबर २०२३ ला बाराशेच्या आसपास माणसं मारली, २५१ ओलीस नेले. मग वेस्ट बँकेचा डोंगरमाथा सोडला तर तेल अवीवचं काय? पॅलेस्टिनी म्हणतो, गाझात दोन वर्षांत साठ हजारांहून जास्त मेले असं तिथलं आरोग्य मंत्रालय सांगतं, शहरं भुईसपाट झाली, आता आणखी कसला धीर धरायचा? हे दोन्ही रकाने शेजारी-शेजारी लिहा. बेरीज-वजाबाकी करू नका. अलिबागला बदलीवर असताना नवगावचं बेने इस्राएलांचं जुनं कबरस्तान पाहिलं होतं. म्हणजे आपले कोकणातले ज्यू, शनवार तेली, घरात मराठी बोलणारे. त्यांच्यातलेच हजारो आज तिकडं आहेत. "इस्रायली" म्हटल्यावर डोळ्यांपुढं एकच चेहरा येत असेल तर तो पुसा.

सह्या तपासा. वारसांपैकी एकाची सही नसली तर वाटणीपत्राची किंमत तुम्हाला माहीत आहे. पॅलेस्टिनी अध्यक्ष महमूद अब्बास २००५ ला चार वर्षांसाठी निवडून आले, अजून खुर्चीत आहेत. २००६ ला संसदेची निवडणूक हमासनं जिंकली, २००७ ला गाझाही घेतला, त्यानंतर तिथं देशव्यापी मतदान झालेलं नाही. इकडं राबिनना १९९५ ला एका ज्यू अतिरेक्यानंच गोळी घातली, आणि जुलै २०२४ ला इस्रायली संसदेनं पॅलेस्टिनी राष्ट्राविरोधात ६८ विरुद्ध ९ असा ठराव केला. २००८ ची गोष्ट तर मी कट्ट्यावर दहादा सांगितली असेल. तेव्हाचे इस्रायली पंतप्रधान एहुद ओल्मर्ट यांनी अब्बासांपुढं नकाशा ठेवला, जमिनीच्या अदलाबदलीसकट, आजवरचा सगळ्यात पुढचा प्रस्ताव. पण सहीशिवाय नक्कल द्यायला नकार. अब्बासांनी परत येऊन आठवणीनं हातानं तो काढला. 'क' प्रत हातात न देता सही मागतात, आणि मग म्हणतात समोरच्यानं संधी घालवली! थोडं समोरच्याचंही चुकलं असेल. पण नक्कल द्यायला हवी होती.

आता सध्याची योजना ह्याच चाळणीतून काढा. ट्रम्प यांच्या वीस कलमांत पॅलेस्टिनी राष्ट्राकडं जाणाऱ्या वाटेचा उल्लेख शेवटाकडं आहे, तोही प्राधिकरणात सुधारणा झाल्या तर, अशा अटीवर. तारीख नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये सुरक्षा परिषदेनं २८०३ ठरावानं तिला पाठिंबा दिला, आंतरराष्ट्रीय फौजेची तरतूद केली. त्याआधी सप्टेंबरात आमसभेत दोन राष्ट्रांच्या बाजूनं १४२ मतं पडली, त्यात भारताचं होतं. ब्रिटन, फ्रान्स, कॅनडानं पॅलेस्टाईनला राष्ट्र म्हणून मान्यता दिली. आपण ती १९८८ लाच दिलेली. हे सगळं वहीत एका पानावर. समोरच्या पानावर एकच गोष्ट लिहा: गाझात इस्रायली सैन्य मागं आलं ते 'पिवळ्या रेषे'पर्यंत, आणि तिच्या अलीकडं, म्हणजे इस्रायली ताब्यात, गाझाचा निम्म्याहून जास्त भाग राहिला. रेषा दाखवायला पिवळे काँक्रीटचे ठोकळे ठेवलेत. नकाशातली रेषा आणि जमिनीवरचे ठोकळे एकाच जागी आहेत का, आणि सहा महिन्यांनी ते तिथंच आहेत का, हे बघत राहा.

नातीनं शेवटी माझं मत विचारलंच. येत्या पाच-सात वर्षांत सह्यांचा तोडगा मला दिसत नाही. दोन राष्ट्रं, पण हद्द उघडी आणि काही गोष्टी सामाईक, अशी मांडणी करणारी दोन्हीकडची काही माणसं आहेत. सामाईक खात्याची भांडणं मी आयुष्यभर पाहिली, तरी पाच लाख लोक उठवण्यापेक्षा हे जास्त शक्य वाटतं. पण ते फार पुढचं. तोवर मी तीन नोंदी बघतो: ई-वनवर पाया खणला का, पॅलेस्टिनी मतदान जाहीर झालं का, आणि पिवळे ठोकळे कुठल्या दिशेनं सरकले.

कंडक्टर दोस्ताला परवा वही दाखवली. त्यानं पान उलटून विचारलं, "आणि हे लाल पेन्सिलीनं काय लिहिलंस?" मी म्हटलं, ती कागलच्या चुलतीची नोंद आहे, गट नंबरासकट.